आईबापांचे शिक्षण आणि बाळांचे आयुष्य

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाच्या विषयावर एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा आम्ही आनंदाने होकार दिला. शिष्यवृत्त्या, शालान्त परीक्षेचे निकाल, शिकणाऱ्या मुलींची वाढती संख्या यांवर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, आणि इतर लेखकांनी ते लिहिलेही असेल. परंतु घरातले जुने कपाट आवरताना एका घटकचाचणीची उत्तरपत्रिका हाती लागली, आणि लिहावयाचे ठरविलेले सारे बाजूला राहिले.

ती उत्तरपत्रिका आठवीतल्या एका मुलीची होती. 'लहान मुलास जुलाब झाले असता घरच्या घरी कोणता उपाय कराल व का?' असा प्रश्न होता. मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिले होते की, एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी थोडे थोडे, वारंवार पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. कारण मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आम्ही तिला पाचांपैकी पाच गुण दिले होते आणि समासात 'शाबास' असा शेराही मारला होता. त्या चाचणीनंतर दीड महिन्याने ती चार दिवस शाळेत आली नाही. तिचा आठ महिन्यांचा भाऊ जुलाबाने गेला होता.

आम्ही भेटीस गेलो. घर लहान, माणसे मायाळू. मुलाची हेळसांड झाली असे कोणी म्हणू शकले नसते. उलट दोन दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवलेले नव्हते. फक्त पाणी बंद केले होते, आणि दूधही. वरून घातले की खालून जाते, तेव्हा पोट रिकामे ठेवावे, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा ठाम समज. आईला वाचता येत नव्हते आणि अशा बाबतीत तिचा शब्द चालतही नव्हता. वडील रात्री उशिरा कामावरून येत. सकाळी बघू म्हणाले. सकाळी दवाखान्यात नेले तेव्हा वेळ निघून गेली होती. निघताना मुलगी आमच्या मागोमाग दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी दादीला सांगितलं होतं. पुस्तकसुद्धा दाखवलं. दादी म्हणाली, तुझ्या पुस्तकानं आजवर किती मुलं वाढवली?"

त्या वृद्धेचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तिने नऊ मुलांना जन्म दिला होता आणि त्यांतली चार पुरली होती. मुले वाढविणे म्हणजे काय हे तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही तिचा समज चुकीचा होता आणि तेरा वर्षांच्या नातीचा बरोबर होता. बरोबर असलेले ज्ञान घरात असूनही मूल वाचले नाही, ही गोष्ट शिक्षक म्हणून आम्हांला आजवर टोचत राहिली आहे. शिक्षणाने मुले वाचतात असे आपण म्हणतो. मग ते शिक्षण घरात कोणाजवळ असावे लागते, आणि घराबाहेर कोठवर पसरलेले असावे लागते, याचा विचार आपल्या ट्रस्टच्या सभासदांनी करावा, एवढ्यासाठीच हा लेख.

बडोद्यात बसून हा विषय लिहावयाचा तर श्रीमंत सयाजीराव महाराजांपासून आरंभ करणे भाग आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, गादीवर बसला तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. निरक्षरता म्हणजे काय हे त्या राजाने ऐकून नव्हे, स्वतः अनुभवून जाणले होते, असे आम्हांला नेहमी वाटते. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदे राज्याला लागू केला. मुलग्यांसाठी सात ते बारा व मुलींसाठी सात ते दहा अशी वयाची मर्यादा होती. मुलींनाही सक्ती, ही त्या काळी केवढी धीट गोष्ट होती याची कल्पना आज येणार नाही. नामदार गोखल्यांनी पुढे ब्रिटिश हिंदुस्थानसाठी असाच कायदा मागितला तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते. त्यांचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले, तो भाग वेगळा.

आता तीन वर्षांच्या शिक्षणाने मुलीच्या हाती काय लागणार, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. गैरहजर मुलांच्या आईबापांना दंड होई, आणि पुष्कळांना मुलीच्या शाळेपेक्षा तो दंड स्वस्त वाटे. ज्या मुली शिकत त्याही शाळा सुटल्यावर चार वर्षांत अक्षरे विसरत. शिक्षण खात्यात मुरलेल्या माणसाला ही रड चांगली परिचित आहे. महाराजांच्या ध्यानात ती लवकर आली, आणि म्हणून १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे व पडद्यावरचे खेळ दाखविणारी एक शाखाच त्या खात्यात होती. म्हणजे मुलांची शाळा आणि मोठ्यांची शाळा अशा दोन बाजू त्यांनी एकदम हाती घेतल्या. त्याच सुमाराचा १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि त्याआधी १८९२ साली आजव्याच्या तलावातून शहराला मिळालेले नळाचे पाणी, हीदेखील याच हिशेबात धरावयास हवीत. कोवळ्या वयातल्या मातेचे मूल आणि घाण पाण्यावर वाढणारे मूल, ही दोन्ही सर्वांत आधी दगावतात.

त्या काळात किती मुले जात? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत. आपल्यापैकी ज्यांच्या घरात पणजीच्या आठवणी सांगितल्या जातात त्यांना आकड्यांची गरज नाही. आमच्या दादीला आपली किती भावंडे होती असे विचारले की ती "वाढलेली की झालेली?" असे उलट विचारी. १९७१ साली हा आकडा हजारी १२९ होता. २०२० साली तो २८ वर आला. गुजरातेत २३, महाराष्ट्रात १६ आणि केरळात केवळ ६. केरळ काही गुजरातेहून श्रीमंत नव्हे. पण तेथे त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा असा हुकूम १८१७ सालीच काढला होता, आणि तेथल्या कित्येक घरांत शिकलेल्या आजीची शिकलेली मुलगी व तिचीही शिकलेली मुलगी अशा पिढ्या आहेत.

यावर कोणी म्हणेल की, ज्याच्या घरी पैसा तोच मुलीला शिकवितो, तेव्हा मूल पैशाने वाचले की शिक्षणाने, हे कसे ठरवावे? हा आक्षेप विद्वानांनीही घेतला होता. जॉन कॉल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञाने नायजेरियातील इबादान शहर व आसपासच्या प्रदेशातील कुटुंबांची माहिती तपासून १९७९ साली त्याचे उत्तर दिले. बापाचा धंदा, घरची मिळकत, जवळ दवाखाना असणे नसणे, हे सारे सारखे धरून पाहिले तरी शिकलेल्या आईची मुले अधिक जगत होती. आणखी नवल म्हणजे, आईने शाळेत आरोग्याचे फारसे काही शिकलेले नसले तरीही हा फरक दिसे. मग शाळेने तिला दिले काय? कॉल्डवेल यांचे म्हणणे असे की, शाळेत गेलेल्या बाईचे घरातले स्थान बदलते. मूल आजारी पडले तर सासूच्या होकाराची वाट न पाहता ती त्याला उचलून दवाखान्यात नेते. डॉक्टरला प्रश्न विचारते. औषधाने उतार पडला नाही तर पुन्हा जाते. नशिबावर बोट ठेवून बसत नाही, आणि घरातले लोकही तिला तसे बसवू शकत नाहीत.

हे वाचताना आम्हांला ती उत्तरपत्रिका आठवली. ज्ञान नातीजवळ होते, अधिकार दादीजवळ होता, आणि जिच्याजवळ दोन्ही असावयास हवे होते त्या आईजवळ एकही नव्हते.

पुढच्या काळात हा हिशेब साऱ्या जगाचा मांडला गेला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७५ देशांची माहिती घेऊन असे दाखविले आहे की, १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालील मुलांचे जे मृत्यू टळले त्यांतील सुमारे निम्मे तरुण स्त्रियांचे शिक्षण वाढल्यामुळे टळले. आपल्या देशातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही शाळेचे तोंड न पाहिलेल्या मातांच्या मुलांत मृत्यूचे प्रमाण बारावीपर्यंत शिकलेल्या मातांच्या मुलांच्या दुपटीहून अधिक आढळले आहे. यात पैशाचा वाटाही आहेच. पण सगळा नाही.

येथे पुरुष वाचकांनी पान उलटू नये. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात आई व बाप यांच्या शिक्षणाचा परिणाम वेगवेगळा मोजला आहे. बारा वर्षे शिकलेल्या आईच्या मुलाचा पाच वर्षांच्या आत दगावण्याचा धोका मुळीच न शिकलेल्या आईच्या मुलापेक्षा ३१ टक्क्यांनी कमी असतो, आणि बापाच्या बारा वर्षांच्या शिक्षणाने तो १७ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे बापाचे शिक्षण आईच्या निम्म्याने का होईना, पण मुलाच्या आयुष्यात भर घालतेच. 'सकाळी बघू' हे दोन शब्द किती महाग पडतात हे ज्याला कळते तो बाप शिकलेला, असे आम्ही समजतो. मुलीच्या शिक्षणासाठी आपला ट्रस्ट झटतो हे योग्यच आहे. पण तिला सून म्हणून नेणाऱ्या घरातला मुलगा नववीत शाळा सोडून दुकानावर बसतो, याचीही काळजी कोणीतरी वाहिली पाहिजे. आमच्या वर्गात गेल्या काही वर्षांत हे फार दिसू लागले आहे. असो.

आता एक अशी गोष्ट सांगतो की, जी आपल्या समाजाला विशेष लागू आहे आणि जिच्यावरून आमच्या मनातल्या काही पक्क्या समजुती हलल्या. भारतात मुसलमान कुटुंबे सरासरीने अधिक गरीब आहेत आणि मुसलमान मातांचे शिक्षण कमी आहे. तेव्हा वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे त्यांची मुले अधिक दगावावयास हवीत. पण १९९२ ते २००६ या काळातील तीन राष्ट्रीय पाहण्यांचे आकडे याच्या उलट निघाले. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचे प्रमाण मुसलमान कुटुंबांत हिंदू कुटुंबांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. अर्थशास्त्रज्ञांना हे कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. जेरुसो व स्पिअर्स या दोघांनी २०१८ साली त्याचा उलगडा मांडला तो असा की, गरिबी असूनही मुसलमान घरांत शौचकूप वापरण्याची चाल अधिक होती आणि उघड्यावर जाण्याची कमी. आणि महत्त्वाचे हे की, फायदा स्वतःच्या शौचकूपापेक्षा शेजाऱ्याच्या शौचकूपाने अधिक होतो. ज्या वस्तीत मुसलमान शेजारी अधिक, तेथे हिंदूंचीही मुले अधिक जगत; आणि ज्या वस्तीत शेजारी उघड्यावर जात, तेथे शौचकूप बांधलेल्या घरातलेही मूल आजारी पडे.

यात आपण फुशारकी मारण्यासारखे काही नाही. ती सवय कोणी आकडे पाहून लावली नव्हती. तहारतीचे संस्कार आणि पडद्याची चाल यांतून ती आली असावी, असे आम्हांला वाटते. बोध घ्यावयाचा तो निराळाच. आईच्या शिक्षणाला जे एकट्याने साधत नाही ते साऱ्या मोहल्ल्याची सवय साधते. सवय हेदेखील एक शिक्षणच. ते पाटीवर लिहिलेले नसते इतकेच. आणि माशीला व पाण्याला भिंत नसते, त्यामुळे हे शिक्षण एका घरापुरते घेऊन चालत नाही.

मग जी आई आज तिशीची आहे आणि निरक्षर आहे, तिच्या मुलासाठी तिची मुलगी शिकून आई होईपर्यंत थांबावयाचे काय? नाही, असे उत्तर महाराष्ट्रातल्याच दोन ठिकाणांनी दिले आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. गावोगावच्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळशा दलित समाजातल्या बायका निवडून त्यांनी त्यांना आरोग्यसेविका केले. अर्भकमृत्यूचे प्रमाण तेथे १९७१ साली हजारी १७६ होते, ते पाच वर्षांत ५२ वर आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आमच्या मनात भरते ती वेगळीच गोष्ट. ज्या बाईला गावाने विहिरीवर पाणी भरू दिले नव्हते तिच्या सांगण्यावरून तोच गाव मुलांना लस टोचून घेऊ लागला. तिला गावात उठून बोलण्याचा मान मिळाला, आणि तो मिळाल्यावर तिच्या ज्ञानाला किंमत आली.

दुसरे ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. न्यूमोनियाने मुले जात. आणि न्यूमोनिया ओळखावयाची साधी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील बाळाने मिनिटाला साठ वा अधिक, आणि त्यापुढे वर्षाच्या आतील बाळाने पन्नास वा अधिक श्वास घेतले तर धोका समजावा. पण ज्या सुईणीला साठपर्यंत मोजताच येत नाही तिने काय करावे? त्यांनी एक श्वासमोजक बनविला. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला की मूल आजारी. अंकगणित न शिकलेल्या बाईच्या हाती निदान आले! आम्ही वीस वर्षे गणित शिकवितो, पण विद्यार्थ्याच्या अडचणीला धरून इतके सुंदर साधन आम्हांला कधी सुचले नाही.

पुढे त्यांनी ३९ गावांत 'आरोग्यदूत' तयार केल्या. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाचे वजन घेत, त्याला ऊब कशी द्यावी, अंगावर कसे पाजावे हे आई व आजी दोघींनाही शिकवीत, आणि बाळाला जंतुसंसर्ग झाला तर शिकविल्याप्रमाणे औषध देत. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण १९९३ ते १९९५ या काळात हजारी ६२ होते, ते १९९७-९८ मध्ये २५ च्या आसपास आले. हा वृत्तान्त १९९९ साली जगापुढे गेला, आणि २०११ पासून भारत सरकारने आशा सेविकांच्या गृहभेटी सुरू केल्या त्या याच धर्तीवर. आज आपल्या मोहल्ल्यात आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येते, त्या वेळी तिला दारातूनच 'सगळे ठीक आहे' म्हणून परत पाठवू नये. तिला आत बसवून बाळ उघडून दाखवावे. आपल्या जुन्या वडोदरा जिल्ह्यातील छोटा उदेपूर हे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झालेल्या पहिल्या ३३ बालविकास प्रकल्पांपैकी एक होते, हेही येथे नमूद करावेसे वाटते. अंगणवाडी ही आपल्याकडे काही नवी आलेली पाहुणी नव्हे.

शेजारच्या बांगलादेशात तर आमच्या त्या उत्तरपत्रिकेतलाच धडा साऱ्या देशाला शिकविला गेला. मीठ-साखरेच्या पाण्याचे सामर्थ्य १९७१ सालीच सिद्ध झाले होते. निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यावयाचे सलाइन संपले, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात द्रावण कालवून ते नातेवाइकांच्याच हाती पाजावयास दिले. दर शंभर रोग्यांत तीसच्या आसपास दगावत, ते चारांहून कमी दगावू लागले. पुढे १९८० ते १९९० या दहा वर्षांत 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन एक कोटी वीस लाखांहून अधिक मातांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी एवढे शिकवून आल्या. या कार्यकर्त्यांचा पगार कसा ठरे हे ऐकण्यासारखे आहे. काही दिवसांनी तपासनीस जाई आणि आईला किती आठवते, द्रावण बरोबर करता येते की नाही, हे पाही. त्यावर शिकविणारीचे पैसे ठरत. गुण आईला नव्हे, शिकविणारीला! या रीतीने तपासले असते तर त्या घटकचाचणीत आम्हांला पाचांपैकी किती मिळाले असते, याचे उत्तर आम्ही मनाशी देऊन चुकलो आहोत.

विश्वासाचा प्रश्न राहिला. औषध खरे असून चालत नाही. ते देणाऱ्यावर भरवसा लागतो. २००२ साली देशात पोलिओचे १६०० रुग्ण सापडले, पैकी तीन चतुर्थांशांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, आणि त्यांत मुसलमानांची मुले प्रमाणाबाहेर होती. डोसाविषयी नाना अफवा होत्या. दारे बंद होत. ती उघडली सरकारी फलकांनी नव्हे. मशिदीतून इमामांनी पुकारा केला, मदरशांतले व विद्यापीठांतले विद्वान वस्त्यांत बसले, शेजारचीच बाई कार्यकर्ती होऊन डबा घेऊन आली, तेव्हा ती उघडली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण शेवटचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. समाजाच्या संस्थेला जे जमते ते खात्याला जमत नाही, याचा याहून ठळक दाखला आम्हांला माहीत नाही.

आता आपल्याकडचे. त्या घटनेनंतर आम्ही ट्रस्टकडे रविवारी दुपारी सभागृह मागितले आणि ते विनाशुल्क मिळाले, याबद्दल विश्वस्तांचे आभार. पहिल्या वर्गाला तरुण माता बोलाविल्या. सहाजणी आल्या, त्यांतल्या दोघी अर्ध्यातून उठून गेल्या, कारण घरी सांगून आल्या नव्हत्या. चूक आमची होती. ज्यांच्या हाती काही नाही त्यांनाच आम्ही पुन्हा शिकवीत होतो. पुढच्या वेळी आमंत्रण दादी-नानींना दिले आणि एकदोन घरी तर स्वतः जाऊन दिले. त्या आल्या, सुना घेऊन आल्या, आणि बोलल्याही खूप. बाळ जन्मल्यावर तासाभरात पाजावे आणि पहिला चीक टाकू नये, हे दोघी-तिघींना मुळीच पटेना. तेव्हा मातांनी दोन वर्षे पुरी पाजण्याविषयी कुराणशरीफात सांगितले आहे आणि आजचे डॉक्टरही दोन वर्षे व त्यापुढेही पाजण्यास सांगतात, हे आम्ही त्यांच्यासमोर ठेवले. बोलण्याचा सूर बदलला. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणी, घुटी, मध काही नको, आणि मध तर वर्षभर नको, याला मात्र अजून सर्वांची मान डोलत नाही. खजुराचा रस बाळाच्या टाळूला लावण्याची सुन्नत ज्यांना पाळावयाची त्यांनी हात स्वच्छ धुवून, अगदी नावापुरते लावावे आणि आधी डॉक्टरांना विचारावे, एवढेच आम्ही म्हटले. प्रत्येक गोष्टीला नको म्हणणाऱ्या शिक्षकाचे कोणी ऐकत नाही.

जुलाबाचा धडा असा शिकवितो. सरकारी दवाखान्यात व अंगणवाडीत जलसंजीवनीची पुडी मिळते. ती घरात आणून ठेवणे सर्वांत चांगले. पुडीवर लिहिलेल्या मापाइतकेच पाणी घ्यावे, कमी नाही. पुडी नसेल तेव्हाच साखर-मिठाचे पाणी. मीठ जास्त झाले तर ते अपाय करते, म्हणून पाजण्याआधी चाखून पाहावे. अश्रूंपेक्षा खारट लागले तर फेकून पुन्हा करावे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर वापरू नये. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. डॉक्टर जस्ताच्या गोळ्या देतात त्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पिता येईना, किंवा शौचात रक्त दिसले, तर सकाळची वाट पाहू नये.

तिसऱ्या वर्गाला ती दादी आली. नात बरोबर होती. ती शेवटच्या रांगेत बसली आणि तासभर एक शब्द बोलली नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी उठून पुढे आली, पातेल्यात स्वतः मीठ घातले, ढवळले, बोट बुडवून चाखले, आणि जास्त झाले म्हणून ओतून टाकून पुन्हा केले. मग आमच्याकडे न पाहता सुनांना म्हणाली, "आता चाखा. एवढंच लागलं पाहिजे." तिच्या गल्लीत आता कोणाच्या मुलाला जुलाब झाले की पहिला निरोप तिला जातो, आणि पुड्या तिच्या घरच्या डब्यात असतात.

तिनेच काढलेली एक शंका मात्र येथे सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या कधी लक्षात आली नव्हती. पुस्तकात चमचा म्हटले आहे, पण घरोघरचे चमचे निराळे. कोणाचा चहाचा, कोणाचा खिरीचा. म्हणून पुढील वर्गाला येताना प्रत्येकीने आपल्या स्वयंपाकघरातला नेहमीचा चमचा बरोबर आणावा. आमच्याकडे पाच मिलिलिटरचे माप आहे. त्याने प्रत्येकीचा चमचा मोजून देऊ, आणि अर्ध्याची खूण त्यावर करून देऊ.